मधला गोल

मावशीच्या लग्नाची मेंदी काढायला आलेल्या नसीमताईंनी दहा वर्षांच्या ऋजुताला वेलबुट्ट्यांची पुस्तकं दाखवली. पण तिला तळहातावर जुन्या पद्धतीचा भरीव गोलच हवा होता.

दुपारी वृंदा माहेरी पोचली, तेव्हा लेकीची मेंदी धुऊन झाली होती. तो गोल पाहून तिने ऋजुताचा हात ओढून घेतला. गोलाच्या बरोबर खाली वृंदाच्या कातडीचा मसुरीएवढा तुकडा होता. तीन वर्षांपूर्वी तिच्या यकृताचा भाग ऋजुताला बसवला, तेव्हाच डॉक्टरांनी हा ठिपकाही बसवला होता. ऋजुताचं शरीर आईच्या यकृतावर उलटलं, तर आधी हा गुलाबी ठिपका काळा आणि कडक होणार होता. त्यानंतर सात दिवसांत औषध मिळालं नाही, तर यकृतावर व्रण धरू लागणार होते. आठवडाभर आजोळहून फोनवर ऋजुता रोज "गुलाबीच आहे" म्हणाली होती.

"रंग छान चढलाय," नसीमताई म्हणाल्या.

वृंदाने गोलावर अंगठा टेकवला. मेंदीखाली टणक लागलं.

"कधीपासून?"

"सोमवारपासून," ऋजुता खाली बघत म्हणाली. "तुला लग्न बघायचं होतं ना. दवाखान्यात तू जेवतसुद्धा नाहीस."

आज रविवार होता. सातवा दिवस.

पलीकडे नवरी मुलगी, वृंदाची धाकटी बहीण शाल्मली, कोपरापर्यंत ओली मेंदी घेऊन बसली होती. ती दोन्ही हात अधांतरी धरून उभी राहिली.

"ताई, गाडी काढ," ती म्हणाली. "आणि कुणीतरी माझ्या पायांत चपला घाला."