चाळीस किलो कोरडा बर्फ

"काच जरा खाली करा हो जावईबापू, कोंडल्यासारखं होतंय," सासूबाई मागच्या सीटवरून पाचव्यांदा म्हणाल्या.

"बाहेर उन्हाची आग पेटलीय, आई. बर्फ वाटेतच संपायचा," जावई म्हणाला आणि त्याने काचा बंदच ठेवल्या.

वादळाने वीज गेली त्याला दोन दिवस झाले होते. घरी बायकोचा फ्रीझर शिगोशीग भरलेला होता. उद्या दीडशे माणसांचं जेवण, तिच्या धंद्यातली पहिली मोठी ऑर्डर. सगळं शिजवून गोठवून ठेवलेलं, आणि सकाळपासून डब्यांना पाणी सुटू लागलेलं. नासलं असतं, तर पुन्हा तिला कोणी दारात उभं केलं नसतं. म्हणून तीन तास वणवण करून जावयाने एका कारखान्यातून कोरडा बर्फ मिळवला होता. त्याची दोन खोकी मागे सासूबाईंना खेटून ठेवली होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. जावयाला घासाघीस जमत नाही, या सबबीवर त्या गाडीत येऊन बसल्या होत्या.

बसल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. नणंदेचा गुडघा, शेजारणीची सून, जावयाचं सुटलेलं पोट. सासूबाई बोलायला लागल्या की समोरच्याला फक्त कान लागत, बाकीचं त्या बघून घेत. आज त्याचं डोकं ठणकत होतं, बसल्या जागी धाप लागत होती. तेही त्याने त्यांच्याच माथी मारलं.

अर्ध्या रस्त्यात बोलणं एकाएकी थांबलं. चला, लागला एकदाचा डोळा! अकरा वर्षांत पहिल्यांदा ही गाडी त्याला स्वतःची वाटली. त्याच्याही पापण्या जड झाल्या.

मग त्याला खटकलं. झोपेतसुद्धा कुणाशी ना कुणाशी भांडणारी ही बाई. इतकी गप्प?

त्याने आरशात पाहिलं. मान खोक्यावर कलली होती, तोंड राखेसारखं झालं होतं. कारखान्यातल्या माणसाचं बोलणं त्याने घाईत या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. ते आता आठवलं. "याचं पाणी होत नाही साहेब, वायू होतो. काचा उघड्या ठेवा, नाहीतर गाडीत श्वासाला हवा उरणार नाही."

गाडी करकचून थांबली. त्याने चारी दारं उघडली. सासूबाईंना आडवं करायला सीट मोकळी हवी होती. त्याने दोन्ही खोकी उचलली आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात भिरकावली. बायकोचा चेहरा क्षणभर डोळ्यांपुढे आला. मग काचा खाली करून त्याने गाडी आल्या वाटेने दवाखान्याकडे पिटाळली.

"आई! बोला ना काहीतरी!"

मागे काहीच नाही. एक वळण, दुसरं वळण. वारा नुसता घोंघावत होता. तो रडतोय हे त्याला स्वतःलाच कळलं नाही.

तिसऱ्या वळणावर खोकला ऐकू आला. मग क्षीण आवाज. "बर्फ कुठाय?"

"फेकला."

"फेकला? पोरीच्या जिवावर उठलात काय?"

मग त्यांनी त्याला जे धारेवर धरलं, ते दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही. आणि दम लागून त्या जिथे जिथे थांबत, तिथे तिथे तो घाबराघुबरा होऊन म्हणे, "मग? पुढे बोला, आई. थांबू नका."