परब सरांची वही

साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात नवीन लिनक्स सर्व्हर आला की त्यावर पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा परब सरच बसवायचे. तयार पॅकेज त्यांना चालत नसे, सगळं मूळ सोर्स कोडपासून बांधायचं. त्यात सुरुवातीलाच कॉम्प्युटर शंभरेक प्रश्न विचारतो. आपलं उत्तर टाइप करायचं, नाहीतर नुसतं एन्टर दाबून त्याने सुचवलेलं मान्य करायचं. सरांची उत्तरं एका लाल वहीत होती आणि वही कपाटात, कुलपात.

"श्रुतिका, एन्टर काय, माकडपण दाबतं," ते मला सुनवायचे. "एकेका उत्तराला अक्कल लागते. तू आपली तक्रारींचे मेल बघ."

ते मेल तीन वर्षं माझ्याकडेच येत होते. सर्व्हर सरांचे, शिव्या मला. माझ्याकडेच का येतात, हे सरांनाही कळत नव्हतं म्हणे.

यंदा सर गणपतीला गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी नवा सर्व्हर आला. सरांचा फोन लागेना, तेव्हा मॅनेजरने दुसरी चावी लावून वही माझ्या हातात दिली.

पहिला प्रश्न, एन्टर. दुसरा, एन्टर. पानंच्या पानं, सुवाच्य अक्षरात, एन्टर.

अक्कल सरांनी एकाच ठिकाणी वापरली होती.



"काही बिघडलं तर कोणाला कळवायचं?" या प्रश्नापुढे माझा ईमेल होता.