एरंडेलाची वाटी

"नाडी बगा, आप्पा. आन् जे आसंल ते माझ्या तोंडावर सांगा," चन्नबसप्पा म्हणाला. बस म्हटलं तरी तो बसला नाही. वैद्यांच्या दारात, चौकटीला हात लावून उभाच राहिला.

आत सतरंजीवर त्याची लेक रुद्राणी बसली होती. पंधरा वर्षांची पोर. जेवण टाकलेलं, तोंड सुकलेलं आणि पोट मात्र तटतटून फुगलेलं. सकाळपासून दोनदा ओकली होती. गल्लीतल्या बायका काय कुजबुजत होत्या ते चन्नबसप्पाच्या कानावर गेलं होतं. ते खरं निघालं तर आज घरी काय होईल, ही धास्ती तिच्या आईला, उमाबाईला, होती. ती लेकीला खेटून बसली होती.

ईश्वरप्पा वैद्यांना हे सगळं न सांगता कळलं होतं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग पोरीला आडवं करून पोटाच्या डाव्या अंगाला बोटं दाबली. रुद्राणी कळवळली.

"पोट साफ होतं का?"

"होतं."

"खोटं बोलू नगं, पोरी. आत नुसते खडे झाल्यात." वैद्य दाराकडे वळले. "ऐकलास का, चन्नबसप्पा? मळ साठलाय. दुसरं काय बी न्हाई. ज्यांनी तुझ्या डोक्यात भलतं भरलंय त्यांला माझ्याकडं धाड. त्यांच्या जिभंला बी औषध देतो."

उमाबाईला रडूच फुटलं. चन्नबसप्पा मटकन खाली बसला. लेकीवर संशय घेतला याची त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवायला तो भडाभडा बोलू लागला. दुष्काळी कामावर तो मुकादम होता. लातूर जिल्हा झाला तसा गावाजवळून जाणारा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं.

"आता उस्मानाबादचे हेलपाटे संपले बगा, आप्पा. सकाळी निघालं की दुपारी कचेरीचं काम करून माघारी. वड्याकाठची बाभळ, घाणेरीची झुडपं समदी मीच तोडून घेतली. रोलरवाल्यांचे तंबू बी तिथंच टाकून दिले. कसं मोकळं मोकळं वाटायलंय."

वैद्यांनी सुंठीच्या काढ्यात एरंडेल ओतलं. पहिली मात्रा रोग्यानं आपल्यासमोर घ्यायची, असा त्यांचा नेम होता. औषध घरी नेऊन मोरीत ओतणारे बहाद्दर त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"दुपारच्या आत गुण येतो," ते म्हणाले. "आज दिवसभर पाच-सा येळा जावं लागंल. भ्यायचं न्हाई."

रुद्राणीनं ओठांपर्यंत नेलेली वाटी खाली ठेवली.

"पी की," उमाबाई म्हणाली.

"मी न्हाई पीत."

चन्नबसप्पा उठला. मघाशी गेलेला संशय आता दुप्पट होऊन परत आला होता. "कामून? साध्या औषधाला कामून भ्यायलीस? वैद्यांपासून काय लपवायलीस, आं?"

तो हात उगारून पुढे झाला. उमाबाई मधे पडली. "हात लावू नका तिला."

"मग बोलू दे तिला!"

"पेल्यावर जाऊ कुठं?" रुद्राणी म्हणाली.

"कुठं म्हंजी? समद्या बाया जातेत तिथं."

"तिथं तुमचे तंबू हायत, बाबा."

चन्नबसप्पाचा हात वरच राहिला.

"पहाटं जावं तर तिथंच टँकरची लाईन. रातच्याला जावं तर ती मानसं बत्त्या लावून बसलेली असतेत, हसतेत." तिनं वाटी आणखी दूर सारली. "जेवलं न्हाई तर जावं लागत न्हाई. म्हनून जेवनच सोडलं मी."

उमाबाईनं पदर तोंडाशी धरला. ती स्वतःही कित्येक दिवस अर्ध्या भाकरीवरच उठत होती. असलं काही नवऱ्याला कोण सांगतं? पण लेकीचंही तेच चाललंय हे आपल्या ध्यानात येऊ नये, याचं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भूक कशी, झोप कशी, पोट साफ होतं का, हे वैद्यांनी जन्मभर प्रत्येकाला विचारलं होतं. कुठं जाता, असं मात्र एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

"चन्नबसप्पा," शेवटी ते म्हणाले, "तुझ्या रानात तूर उभी हाय का?"

"तूर कुठली, आप्पा? पाऊसच न्हाई."

"ज्वारी? न्हाईतर एखादी कडब्याची गंज?"

"न्हाई."

"आन् वड्याकाठची घाणेरी?"

हात खाली घेऊन चन्नबसप्पा दाराकडे वळला. दारातून ओढ्यापर्यंतचं सगळं दिसत होतं. काळी, भेगाळलेली जमीन, आणि पार नव्या रस्त्याच्या खुणेपर्यंत तंबूंशिवाय काहीच उभं नव्हतं.

मागं रुद्राणीनं वाटी पुन्हा उचलली.

"पिते मी, बाबा," ती म्हणाली. "निस्ता आडोसा दावा."

आणि वाटी हातात धरून ती बापाच्या पाठीकडे पाहत राहिली.