बरसीमातलं छप्पर

कैरोच्या कचेरीत रबाबचं काम एकच होतं: उपग्रहाच्या चित्रात शेत कुठलं आणि वस्ती कुठली, हे ठरवायचं. शेतजमिनीवर नवं बांधकाम दिसलं की तिने शेरा मारायचा, आणि आठवड्याभरात तिथे बुलडोझर पोचायचा.

त्या सोमवारी दमनहूरकडच्या चित्रात, बरसीम घासाच्या हिरव्यागार शेताच्या मधोमध, एक पांढराशुभ्र चौकोन उगवला होता. संगणकाने त्याच्यावर 'नवीन छप्पर' अशी लाल खूण केली होती. रबाबने गावाचं नाव वाचलं, मग कालव्याचं वळण ओळखलं. शेत तिच्या बाबांचं होतं.

"जागेवर जाऊन बघून येते," असं साहेबांना सांगून तिने मिळेल ती गाडी पकडली. वाटभर ती मनातल्या मनात बाबांशी भांडत होती.

शेतात छप्पर नव्हतंच. लग्नाच्या मांडवाचं भलंमोठं कापड बरसीमावर पसरून, कडेने विटा ठेवून, तिचे बाबा अब्देल शाफी बाजूला निवांत चहा पीत बसले होते.

"बाबा! हे काय मांडलंय? कुणाचं लग्न आहे इथे? माझी नोकरी घालवाल ना!"

"लग्न कसलं! शुक्रवारपासून तुझी वाट बघतोय. चल, आईने बदक शिजवलंय."

"माझी वाट? मी येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

म्हातारा विटा उचलत हसला.

"आठ महिने फोन करून थकलो, पोरी. म्हटलं, फोन उचलायला हिला वेळ नाही, पण आपलं शेत तर ही रोज वरून बघते. निरोप तिथेच ठेवू."