शेवटचं प्रकरण राहिलं होतं

कावळा पिंपळाच्या फांदीवर बसून होता, पण खाली येत नव्हता.

भोगावतीच्या घाटावर ऊन चढत चाललं होतं. दहाव्याचे पिंड मांडून झाले होते. आईला अंतर देणार नाही, असं सुश्रुत हात जोडून म्हणाला. जोहे गावातली शेती विकणार नाही, असंही म्हणाला. कावळ्याने नुसती मान वळवली.

"अजून जरा थांबू," गुरुजी म्हणाले. "नाहीतर दर्भाचा कावळा करू."

"नको," लतिकाबाई म्हणाल्या. "खराच शिवायला हवा. ह्यांचा जीव कशात अडकलाय, ते ठेवून कसं जाऊ देऊ?"

शेजारी दिनानाथ उभे होते. रोह्याला वालाची शेती करणारे, शरदरावांचे शाळासोबती. शरदराव मास्तर झाले, हे शेतीत राहिले, पण पुस्तकांची देवघेव आणि त्यावरची भांडणं सुटली नाहीत.

"आमच्या चंद्रावतीला लगेच शिवला," दिनानाथ बायकोच्या आठवणीने पुटपुटले. "पिंड ठेवायचा अवकाश. जरा थांबली असती तर बरं वाटलं असतं."

लतिकाबाईंना मागचा महिना आठवला. दिनानाथांनी दोन पुस्तकं आणून दिली होती, एक भूतकथांचं आणि एक रहस्यकादंबरी. भूतकथा शरदरावांनी आधी संपवल्या. फोनवर दिनानाथ म्हणाले की तिसऱ्या गोष्टीतली बाई विहिरीत बुडून मेली. झालं! पुस्तक पिशवीत टाकून शरदरावांनी एसटी पकडली, वडखळच्या गर्दीत तासभर अडकले, रोह्याला जाऊन पान उघडून दाखवलं की बाई सर्पदंशाने मेली आहे, आणि वालाची उसळ खाऊन संध्याकाळी परत आले.

"भुतं कशाला परत येतील?" घरी आल्यावरही त्यांचं चालूच होतं. "त्यापेक्षा रहस्यकथा बरी. खुनी सापडला, विषय संपला. तर दिन्या म्हणतो, संपते म्हणूनच मला नाय आवडत."

मग ती कादंबरी घेऊन ते बसले, आणि एका दुपारी खुर्चीतच गेले. बोट शेवटच्या प्रकरणाच्या पानात तसंच होतं.

लतिकाबाई एकदम वळल्या. "भावोजी, ती रहस्यकादंबरी! शेवटचं प्रकरण राहिलं त्यांचं. तुम्ही वाचलीय ना? सांगा त्यांना, खुनी कोण ते."

"आई, काहीतरीच काय," सुश्रुत म्हणाला.

दिनानाथांनी वर फांदीकडे पाहिलं. मग टोपी काढून पिंडापाशी गेले.

"शऱ्या, ऐकतोस ना? खून वकिलाने केला. वकिलानेच."

फांदी हलली. कावळा खाली उतरला, एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि भातात चोच घातली. सुश्रुत हुंदके देऊन रडू लागला. लतिकाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना नीट श्वास घेता आला.

घरी येऊन जेवणं झाली. दिनानाथ एसटीसाठी निघाले, तशा लतिकाबाई त्यांची कादंबरी आणायला आत गेल्या. पुस्तक हातात आल्यावर राहवलं नाही. उभ्या उभ्याच त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. मग पदर सावरत लगबगीने फाटकापर्यंत आल्या.

"भावोजी, खून कंपाउंडरने केलाय! वकील बिचारा निर्दोष सुटतो."

"व्हय."

"विसरलात का तुम्ही?"

"नाय. दोनदा वाचलीय मी."

"मग खोटं सांगून पाठवलंत त्यांना?" लतिकाबाईंना रडूच आलं. "खरं ऐकून सुखाने गेले असते हो ते."

दिनानाथांनी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि जपून पिशवीत ठेवलं. डोळे भरून आले होते, पण ओठांवर हसू होतं.

"शऱ्याला माझी चूक कधी खपलीय का, वहिनी? येईल तो रोह्याला."