स्टाफची खुर्ची

“हव?” अनंतरावांनी विचारलं.

“हव,” सगळे म्हणाले आणि ग्रंथालयाच्या गळक्या छताचा विषय संपला.

कॉलेज चालवणाऱ्या प्रबंध समितीचं कामकाज असंच चालायचं. अध्यक्ष अनंतराव विषय वाचणार, चष्म्यावरून टेबलाभोवती एकदा नजर फिरवणार आणि ‘हव?’, म्हणजे ‘हो ना?’, असं विचारणार. बाकीच्यांनी मान डोलवायची. कॉलेज निघालं तेव्हापासून या खोलीत कोणी ‘नाही’ म्हटल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. आणि म्हणणार तरी कोण? एक अध्यक्षांचे साडू, एक व्याही, दोघं सदर बाजारातले सराफ. प्राचार्य रामकृष्ण सर तर अध्यक्षांना शिंक आली तरी रुमाल काढणारे! आज मात्र टेबलाच्या टोकाला एक जास्तीची खुर्ची मांडली होती. तिच्यावर समाजशास्त्राची प्राध्यापिका शर्मिष्ठा बसली होती.

ही खुर्ची काही सुखासुखी मिळाली नव्हती. समितीत आपलंही एक माणूस असावं म्हणून स्टाफने वर्षानुवर्षं निवेदनं दिली, काळ्या फिती लावल्या, अनंतरावांच्या तेलीबांध्याच्या बंगल्यावर चपला झिजवल्या. म्हातारा दाद देईल तर शपथ! आणि या उन्हाळ्यात अचानक तो हो म्हणाला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. प्राध्यापकांनी, क्लार्कांनी, प्रयोगशाळेतल्या भार्गव भैयानेसुद्धा मत दिलं आणि शर्मिष्ठा निवडून आली. “आता आपलं कोणी ऐकन तरी,” भार्गव म्हणाला, तेव्हा तिला भरून आलं होतं.

आणि पहिल्याच बैठकीत विषय निघाला तो संध्याकाळचं कॉलेज बंद करण्याचा.

संध्याकाळच्या कॉलेजात तिचा जीव अडकलेला. दिवसभर गुढियारीच्या गोदामांत पोती वाहणारे, दुकानांत गिऱ्हाइकांपुढे उभे राहून पाय सुजलेले लोक तिथं बी.ए. करायला यायचे. सरला त्यातलीच. नवरा गेल्यावर साड्यांच्या दुकानात कामाला लागली, पोट्टी, तिची लेक, बारावीला गेली तेव्हा हिनेही कॉलेजात नाव घातलं. आता शेवटचं वर्ष राहिलं होतं. आदल्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती दाराशी घुटमळली.

“मॅडम, बंद तं नाही न करणार? दिवसाच्या कॉलेजात मले नाही जमत. दुकान सोडलं तं खाऊ काय?”

“काहून घाबरता?” शर्मिष्ठा म्हणाली होती. “मी आहो न तिथं.”

तसं बोलून बसली होती खरी, पण सकाळी रामकृष्ण सरांनी तिला व्हरांड्यात गाठलं होतं. “मॅडम, तुमचं प्रमोशन अडकून आहे. कशाले नजरेत येता? हव म्हणा अन् मोकळ्या व्हा.” मोकळ्या व्हा म्हणे! सरलाला तोंड काय दाखवायचं?

“पुढचा विषय,” अनंतरावांनी घसा साफ केला. “संध्याकाळचे वर्ग या सत्रापासून बंद. त्या वेळेले बिल्डिंग कोचिंगवाल्यांना द्याची. हव?”

“हव,” साडू म्हणाले. “हव, हव,” सराफ म्हणाले.

“नाही,” शर्मिष्ठा म्हणाली.

चहाचे कप जागच्या जागी थांबले. रामकृष्ण सरांनी डोळेच मिटून घेतले.

तिला वाटलं, आता हाकलतील. पण कोणी उठवलं नाही, म्हणून ती बोलत गेली. तिने सरलाचं सांगितलं. पोती वाहून आलेला माणूस शेवटच्या बाकावर डुलक्या काढत का होईना, पण येऊन बसतो, हे सांगितलं. हे वर्ग बंद झाले तर ही माणसं दुसरीकडे कुठंच जाणार नाहीत, शिक्षणच सोडतील, हे सांगितलं. अनंतरावांनी तिला एकदाही अडवलं नाही. मध्येच पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. एक सराफ तर चक्क पुढे वाकून ऐकत होता. अगं बाई, हे लोक ऐकून राहिले! आजवर कोणी बोललंच नाही, एवढंच काय ते चुकत होतं, असं तिला वाटलं आणि तिचा ऊर भरून आला.

“झालं बोलून?” अनंतरावांनी मायेने विचारलं.

“झालं.”

“शाब्बास पोरी!” त्यांनी टेबलावर थाप मारली आणि प्राचार्यांकडे वळले. “लिहून घेतलं न, सर? शब्द न् शब्द घाला. स्टाफच्या प्रतिनिधीनं कडाडून विरोध केला, सविस्तर चर्चा झाली, अन् मग बहुमतानं ठराव मंजूर.”

“मंजूर?” शर्मिष्ठाने विचारलं.

“मंजूर तं होताच. कोचिंगवाल्यांनी कधीचा बोर्ड बनवून ठेवला.” म्हातारा हसला. त्या हसण्यात जराही राग नव्हता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. “मागच्या वेळेले कॉलेजले ग्रेड देणारे तपासणीवाले आले होते न, ते म्हणाले तुमच्या इथं सारं एकमतानं होते, म्हणजे स्टाफले कोणी विचारतच नाही. ग्रेड घसरली आपली. तवाच म्या ठरवलं, एक खुर्ची द्याची. पण खुर्ची दिली तरी धाकधूक होती, बाई बोलन का नाही बोलन.”

शर्मिष्ठाने प्राचार्यांच्या चालत्या पेनाकडे पाहिलं. आता ती जे बोलेल ते सगळं समितीच्याच कामाचं होतं.

अनंतरावांनी स्वतःच्या बशीतलं बिस्किट तिच्यापुढे केलं. “घे, घसा कोरडा झाला असन तुझा. अन् पुढच्या बैठकीले असाच एक विरोध पाहिजे. कोणत्या विषयाले करतेस ते आधी सांगून ठेवजो.”