दंडावरचा नंबर

फ्लोरिडातल्या त्या पार्कच्या फाटकापाशी मी माझ्या लेकीच्या, जूनीच्या दंडावर माझा मोबाईल नंबर लिहिला. तीन वर्षांची पोर, हरवली तर सापडायला हवी.

लहानपणी इथेच डॅडी माझ्या दंडावर घरचा नंबर लिहायचे. सातच्या मधून आडवी रेघ मारायची त्यांची सवय. पेनाने गुदगुल्या व्हायच्या. "हलू नकोस गं लोरी, रेघ चुकेल," ते म्हणायचे. एकदाच हरवले होते मी. तासाभरात सापडले, असं आई सांगायची.

जूनी गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवरून उतरली तेव्हा तिचा दंड आईस्क्रीमने माखला होता. पुसता पुसता माझा नवरा ग्लेन हसला. "स्वतःचा नंबरसुद्धा विसरलीस?"

मी पाहिलं. आमच्या जुन्या घरचा नंबर होता. सातमधून आडवी रेघ.

डॅडी गेले त्याच वर्षी ते घर आम्ही विकलं होतं.

"हे कोणी लिहिलं, जूनी?"

"मी हललेच नाही," ती शहाण्यासारखी म्हणाली.

मी तो नंबर लावला. पहिल्याच रिंगला कोणीतरी फोन उचलला.

"लोरी?" डॅडी धापा टाकत होते. "आहेस तिथेच थांब, बाळा. आम्ही अजून शोधतोय तुला."